भरली बंडी, रिकामी बंडी

आयुष्यातली पहिली नोकरी मी केली ती दुसऱ्यांची लेकरं सांभाळायची, आणि ती करता यावी म्हणून स्वतःचं लेकरू दुसऱ्या गावी ठेवलं. आज हे सहज लिहून जाते. तेव्हा कोणी तोंडावर असं म्हटलं असतं तर मी त्याची अशी खरडपट्टी काढली असती की तो पुन्हा त्या रस्त्याने आला नसता. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. आताही असतो, फक्त गुडघे दुखत असल्यामुळे तो घेऊन फार लांब जाता येत नाही.

साठ सालच्या थोडं पुढची गोष्ट. आम्ही अमरावतीचे. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून आमच्या वस्तीत शिक्षणाचं वारंच शिरलं होतं. वडील माझ्या लहानपणीच गेलेले. आई धान्याच्या अडतीत पाखडायला, निवडायला जायची, आणि त्या सुपाच्या जोरावर तिने मला सातवी पास करवली. मग मी बालसेविकेचं शिक्षण घेतलं. लग्न झालं तेही शिकणाऱ्याशीच. हे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि आमच्याच घरी राहून अभ्यास करायचे. घरात एक परीक्षेला बसणारा, एक रांगायला लागलेली आणि एक कमावती आई, एक नोकरी शोधणारी मी, असा आमचा संसार होता. रांगणारी म्हणजे माझी मुलगी, नऊ महिन्यांची.

दिवाळीनंतर मला नोकरीचा हुकूम आला, तो अकोल्याचा. तिथे कापसातली सरकी काढणाऱ्या जिनांमध्ये राबणाऱ्या बायांच्या मुलांसाठी पाळणाघर उघडलं होतं. पैसा सरकारचा, कारभार गावातल्या एका महिला मंडळाचा. हुकमात लिहिलं होतं की नेमणूक तात्पुरती आहे. वरच्या कचेरीतून तपासणी होईल, तेव्हा पटावर निदान वीस मुलं हजर असली पाहिजेत आणि प्रत्येकाच्या वजनाची दर महिन्याची नोंद असली पाहिजे. तसं असलं तर केंद्र चालू राहील आणि मी कायम होईन. नसलं तर दोन्ही बंद.

मी मुलीला कडेवर घेऊनच अकोल्याला रुजू व्हायला गेले. सोबत आई होती. मंडळाच्या चिटणीस बाई स्वभावाने वाईट नव्हत्या, पण नियम म्हटला की त्यांचा चेहरा शाळेच्या घंटेसारखा कडक व्हायचा. त्यांनी आधी मुलीच्या गालाला हात लावला आणि मग सांगितलं, "सेविकेनं स्वतःचं मूल केंद्रात आणायचं नाही. तुमचं लक्ष त्याच्यातच राहील."

मी काहीतरी बोलणार होते. आईने मागून माझा पदर ओढला. आईला हा हुकूम मिळवायला मी किती खेटे घातले होते ते माहीत होतं.

परत गाडीत बसताना आईने मुलीला छातीशी धरून घेतलं आणि मला म्हणाली, "संक्रांतीलोक सांभाळतो मी इले. तोलोक अडत्या माही जागा ठेवते म्हने. मंग मले काही सांगू नको माय."

म्हणजे माझ्याजवळ संक्रांतीपर्यंतचा वेळ होता. आईने काम कायमचं सोडलं तर घर चालणार नव्हतं, यांची परीक्षा अर्ध्यावर सुटली असती. आणि मी सोडलं तरी तेच. काही ना काही मार्ग निघेल असं म्हणून मी फलाटावर उभी राहिले. गाडी मूर्तिजापूरच्या दिशेने दिसेनाशी झाल्यावर मग रडले.

पाळणाघर म्हणजे जिनाच्या आवारातली सरकी साठवायची एक रिकामी खोली. टिनाचं छप्पर, आढ्याला बांधलेल्या लुगड्यांच्या दहा झोळ्या, एक स्टोव्ह, दुधाच्या सरकारी भुकटीचे डबे आणि मदतीला एक दाई. दाईला ऐकायला कमी यायचं, त्यामुळे मुलांच्या रडण्याने तिची झोप मोडत नसे. बाकी ती फार प्रेमळ होती. बाहेर दिवसभर रेचे धडधडत. कापसातून सरकी वेगळी करणारं ते यंत्र, त्याच्या तोंडाशी बसून बाया मूठ-मूठ कापूस भरायच्या. पाळणाघर उघडण्याआधी त्या आपली तान्ही मुलं तिथेच बाजूला कापसाच्या ढिगावर निजवत. मूल उठू नये म्हणून कोणी अफूचा कण चाटवी. संध्याकाळी मुलं उचलली की त्यांच्या नाकातोंडातून पांढरे तंतू निघायचे.

तरी मुलं माझ्याकडे सोडायला त्यांना पंधरा दिवस लागले. मी कोण, कुठली, याची चौकशी आडून-आडून झाली. दोघी-चौघींनी मुलांसोबत घरून पाण्याचा लोटा पाठवला, माझ्या माठातलं नको म्हणून. मला कळत नव्हतं असं नाही. मी ते लोटे ओळीने मांडून ठेवले आणि जीभ दातांखाली धरली, कारण मला वीस मुलं हवी होती. कोणी लोटा घेऊन येवो, कोणी घागर. डिसेंबर लागेपर्यंत पटावर बावीस मुलं झाली. अफूचं कोणी नाव काढेना, दुपारच्या दुधाला सगळी वाट्या घेऊन रांगेत बसू लागली, आणि मी मनातल्या मनात मुलीसाठी खोली शोधायला लागले. केंद्र पक्कं झालं की चिटणीस बाईंचे पाय धरायचे, नाहीतर गल्लीत कोणी सांभाळणारी बघायची, असं मी ठरवून टाकलं होतं.

आता माझ्या मूर्खपणाकडे येते.

वजनाचे छापील तक्ते आले, पण काटा आला नाही. मी मंडळाला दोनदा लिहिलं. थांबणं हे माझ्या पत्रिकेत नाही. जिनाच्या फाटकाशी कापूस तोलणारा मापारी बसायचा. त्याला म्हटलं, दादा, तुमचा काटा तासभर द्या. तो बिचारा काटाच काय, स्वतःही आला. कडुलिंबाच्या फांदीला काटा टांगला, त्याला वेताची टोपली बांधली, टोपलीत गोधडी घातली, आणि मी एकेक मूल त्यात ठेवू लागले. किलोची वजनं तेव्हा नवीनच आलेली. ती हाताळायची त्याला भारी हौस.

माणूस जन्मभर एकच काम करतो तेव्हा ते काम त्याच्या गळ्यातही उतरतं. कापूस तोलताना मापारी आकडा मोठ्याने पुकारतो, आवाराच्या त्या टोकाला बसलेल्या मुनिमाला ऐकू गेला पाहिजे म्हणून. याने मुलांचंही तेच केलं. पहिल्या रेच्यावर बसणाऱ्या एका उंच बाईचा मुलगा चांगला गुटगुटीत होता. तो टोपलीत बसला आणि मापाऱ्याने मान वर करून हाळी दिली, "साडेदहाऽऽ! साडेदहाऽऽ! साडेदहाऽऽ!"

आवारात कापसाच्या बैलबंड्या घेऊन उभ्या असलेल्या बंडीवाल्यांनी वळून पाहिलं. एकजण ओरडला, "अबे, हे पोट्टं हाय का रुईची गठान!" सगळे हसले. मीही हसले. पुढचं मूल वर्षाचं होतं आणि पावणेसहा भरलं. तोही आकडा तीनदा पुकारला गेला. त्याच्यावर कोणी हसलं नाही. मी खाली मान घालून लिहीत होते. बावीसच्या बावीस मुलांची नोंद झाली तेव्हा मला आपण मोठा किल्ला जिंकल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी बाया मुलं न्यायला आल्या. मुलं घेतली, लोटे घेतले, गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन मुलं आली. तिसऱ्या दिवशी एक, आणि ते दाईचं नातवंड होतं.

मी नळावर गेले. दुपारच्या सुटीत बाया तिथे हातपाय धुवायच्या. तिथे मला कळलं की साडेदहा किलोवाल्याला ताप भरला होता. दृष्ट लागली. लागणारच, लेकराचं वजन कोणी चारचौघांत करतं का? आणि केलं तर केलं, ते पुकारतं का? कापूस विकायचा असतो म्हणून त्याचा भाव करतात, वजन पुकारतात. लेकरू काय विकायला काढलं होतं? पावणेसहावाल्याची आई तर माझ्याकडे बघतही नव्हती. तिच्या मुलाचं वाळकेपण मी गावभर केलं होतं.

आता इथे कोणी शहाणी असती तर तिने माफी मागितली असती. मी शिकलेली होते, म्हणून भांडले. "तुमी अडानीच राहा," असंही म्हणून गेले. उंच बाई पाय धुता धुता उभी राहिली. माझ्यापेक्षा हातभर उंच.

"आमी अडानी. बरं. तुयं लेकरू हाय ना व? दाईनं सांगतलं मले. मंग ते काहून नाही आनत इथं? आंदी त्याले तोल ना टोपल्यात. आमचेच बरे सापडले तुले."

"तसा नियम हाये," मी म्हटलं.

"नियम!" ती हसली. बाकीच्याही हसल्या. "सोताचं ठेवलं तिकडं जपून, अन् आमच्याचं वजन करून राहिली."

मी तिथून पळाले म्हटलं तरी चालेल. त्यांना वाटत होतं की हे ठिकाण धड नाही म्हणूनच मी माझं मूल आणत नाही. आणि मला ते खोटं ठरवता येत नव्हतं, कारण मूल आणायची मला बंदी होती. खोलीत येऊन मी रिकाम्या झोळ्यांकडे बघत बसले. भुकटी कालवून ठेवलेली होती, ती दाईच्या नातवाला किती पाजणार.

त्या रविवारी अमरावतीला गेले. बडनेऱ्याला गाडी बदलताना मुलीसाठी रबराचा एक लाल चेंडू घेतला. घरी गेले तेव्हा ती आईच्या मांडीवर बसून ज्वारीच्या भाकरीचा तुकडा चघळत होती. मी हात पुढे केले. तिने माझ्याकडे पाहिलं, चेंडूकडे पाहिलं, चेंडू घेतला आणि तोंड आईच्या पदरात लपवलं. आई घाईघाईने म्हणाली, "आता झोपीतून उठली ना, म्हनून." ती झोपेतून उठलेली नव्हती. तिच्या तोंडात भाकरी होती.

हे म्हणाले, "मी सोडतो कॉलेज. कारकुनी मिळेल कुठेतरी." मी त्यांच्यावरच खेकसले, की एवढे दिवस लेकरू सोडून राहिले ते तुम्ही कारकुनी करावी म्हणून का? त्यांनी पुस्तक पुढे ओढलं. यांचा हा गुण मोठा होता; मी चिडले की ते पुस्तक उघडत. संक्रांतीला महिना उरला होता. परतीच्या गाडीत मी ठरवलं की राजीनामा द्यायचा. मुलीला घरी मी सांभाळीन, आई अडतीत जाईल, यांची फी कशी भरायची ते मागून पाहू.

अकोल्याला उतरले आणि कागद आणायला निघाले. पण डोक्यात तो तापलेला मुलगा होता. राजीनामा द्यायचा तो देऊ, म्हटलं, पण आधी त्याला पाहून येऊ. निदान तेवढं तरी माझ्याकडे लागतंच. उंच बाईचं घर जिनाच्या मागेच होतं. मूळची ती बाळापूरकडची, कुणब्याची, घरची वाटणी होऊन जमीन तुटपुंजी राहिली म्हणून नवरा-बायको दोघंही जिनात आलेले. मी दारात उभी राहिले. मुलगा अंगणात कोंबडीच्या मागे रांगत होता. ताप केव्हाच उतरला होता. त्याच्या गालावर काजळाचा एवढा मोठा ठिपका होता की अर्धा गाल काळा झालेला.

मी म्हटलं, "चुकलं माझं. पुकारायला नको होतं. विचाराले पाहिजे होतं तुमाले आंदी."

ती भाकरी थापत होती. तिने थापणं थांबवलं नाही. मग म्हणाली, "बस."

मी बसले, आणि मला काय झालं कोण जाणे, मी तिला सगळं सांगितलं. मुलगी, नियम, संक्रांत, रबराचा चेंडू. राजीनामाही सांगितला. मला वाटलं ती म्हणेल बरं झालं. ती तव्यावरची भाकरी उलटवून म्हणाली, "मंग पाळनाघर बंद होते?"

"होते."

"मंग आमी काय करतो? पुना कापसात निजवा लेकराले?" ती आता माझ्यावर चिडली होती, आणि हे चिडणं नळावरच्या चिडण्यापेक्षा मला फार बरं वाटलं. "तुह्या सरकाराले वजन कायले पाह्यजे व?"

मी सांगितलं, की मूल अंगी लागतं का ते कळायला. दूध पुरतं का ते बघायला. वजन घटलं तर औषध द्यायला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "जिनात भरल्या बंडीचा कापूस कसा तोलते, पाह्यलं काय तुनं?"

पाहिलं होतं. कापसाने भरलेली बंडी मोठ्या काट्यावर उभी करायची, वजन घ्यायचं. मग कापूस उतरवायचा, रिकामी बंडी तोलायची. राहिला तो कापूस.

"बंडीतल्या कापसाले कोनी काट्यावर ठेवते काय?" ती म्हणाली. "बंडीच तोलतेत ना? मंग मले तोल. लेकरू माह्या कडीवर राहीन. वजन माहं होईन. मंग मी एकटी उभी राहीन. वजाबाकी तुले येते का नाही? शिकली हायेस ना?"

मी विचारलं, "अन् तुमाले दृष्ट लागली तर?"

"मले!" ती एवढी हसली की अंगणातला मुलगा रांगत आत आला. "माह्यावर कोनाची नजर लागते व बाप्पा! लागली त लागू दे, कोनी पाह्यते तरी म्हनीन."

राजीनाम्याचा कागद मी आणलाच नाही.

जमिनीवर ठेवायचा, वर माणसाला उभं राहता येईल असा एक काटा जिनाच्या कोठीत होता. मापाऱ्याने तो खोलीच्या मागच्या बाजूला, बंडीवाल्यांना दिसणार नाही अशा जागी लावून दिला. त्याला तोंडातून चकार शब्द काढायची बंदी. सवयीने हाळी निघेल या भीतीने तो तोंडात सुपारी धरून बसला आणि आकडा मला बोटांनी दाखवू लागला. सगळ्यांत आधी उंच बाई मुलाला कडेवर घेऊन चढली. मग मुलगा माझ्याकडे दिला आणि एकटी उभी राहिली. बाकीच्या बाया भिंतीशी उभ्या राहून बघत होत्या. उतरल्यावर ती म्हणाली, "झालं. माहं झालं. माह्या पोराले कोनी हात बी नाही लावला."

त्या दिवशी सहा जणी चढल्या, आठवडाभरात सगळ्या. छापील तक्त्यात आईच्या वजनाला जागा नव्हती, म्हणून मी पट्टीने रेघ मारून डावीकडे एक जास्तीचा रकाना आखला आणि वर लिहिलं, आई. गंमत अशी की बायांना मग त्या रकान्याचाच नाद लागला. जन्मात त्यांचं कोणी वजन केलं नव्हतं. कोण भारी, कोण हलकी, यावरून नळावर चेष्टा चालायची. पावणेसहावाल्याची आई काट्यावर चढली तेव्हा मात्र कोणी चेष्टा केली नाही. ती स्वतःच इतकी हलकी होती की मापाऱ्याने काटा अडकला का म्हणून हलवून पाहिला. तिच्या मुलाला मी रोज दोन वाट्या दूध द्यायला लागले आणि तिलाही एक. भुकटी मुलांसाठी होती. मी दिलं.

पट पुन्हा बावीसवर गेला. लोटे येतच राहिले, दोन सोडून. बंद झालेल्यांतला एक उंच बाईच्या मुलाचा होता.

तपासणी मात्र येईना. संक्रांत आली. आईला चिठ्ठी धाडली की चार दिवस दे. यांनी उत्तर लिहिलं, आई म्हणते चार दिले, पाचवा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चिटणीस बाई टांग्यातून धावतपळत आल्या आणि त्यांच्या मागून तपासनीस बाई उतरल्या. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, प्रवासाने दमलेल्या. आल्या-आल्या त्यांनी पाणी मागितलं, ते माझ्या माठातलं घटाघटा प्यायल्या आणि खाली सतरंजीवरच बसल्या. मुलं मोजली. झोळ्या ओढून पाहिल्या. मग वजनाचा तक्ता घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हा रकाना कुणी सांगितला?"

चिटणीस बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सरकारी कागदावर मी रेघोट्या मारल्या होत्या. मी काही लपवलं नाही. टोपली, हाळी, ताप, नळ, बंडी, सगळं सांगितलं. तपासनीस बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला. त्या हसत होत्या.

तेवढ्यात दारातून आवाज आला. बायांची सुटी झाली होती आणि उंच बाई पाच-सहा जणींना घेऊन आली होती. तिच्या केसांना कापूस चिकटलेला. तिने नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"तुमी सरकारच्या बाई ना? मंग एक सांगा. हे आमचे लेकरं सांभाळते. इचं लेकरू कोन सांभाळते?"

"अहो, ते वेगळं आहे," चिटणीस बाई म्हणाल्या. "तसा नियम आहे."

"कोणाचा?" तपासनीस बाईंनी विचारलं.

चिटणीस बाई गडबडल्या. मग म्हणाल्या, मंडळात तसं ठरलं होतं. तपासनीस बाईंनी पिशवीतून अनुदानाच्या अटींचा कागद काढला. तोच कागद माझ्याकडे भिंतीला लावलेला होता. मी तो रोज वाचायची, पाठ होता म्हणा ना. त्यांनी वाचलं, "काम करणाऱ्या मातांची मुले." मग मान वर करून मला विचारलं, "तुम्ही काय करता?"

मी म्हटलं, "मी इथली सेविका आहे."

"ते दिसतंय. काम करता की नाही?"

"करते."

"आई आहात की नाही?"

मी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. काम करणारी आई म्हणजे रेच्यावरची, हे मी इतकं धरून चालले होते की त्या ओळीत मी स्वतःही बसते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बावीस बायांना काट्यावर चढवलं, त्यांच्यासाठी रकाना आखला, आणि मी कधी त्यावर उभी राहिले नाही. इतके दिवस चिटणीस बाईंवर दात-ओठ खात होते, पण नियम दाखवा, हे मीही कधी विचारलं नव्हतं. भांडखोर म्हणून नाव काढलेली मी, जिथे भांडायला पाहिजे तिथे मान खाली घालून बसले होते.

"तेविसावं लिहा," तपासनीस बाई म्हणाल्या, आणि डबा सोडून जेवायला बसल्या.

मी दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन आले. आई बडनेऱ्यापर्यंत पोचवायला आली, आणि गाडी सुटताना मुलीपेक्षा तिनेच जास्त आकांत केला. मुलीने तो अकोल्यापर्यंत पुरवला. पुढचे आठ-दहा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ती माझ्याजवळ येईना. दाईकडे जायची, उंच बाईच्या खांद्यावर तर तिचा मुक्कामच. मी जवळ घेतलं की अंग ताठ करायची आणि दाराकडे बघून रडायची. मला वाटायचं, उशीर झाला. नोकरी राहिली, लेकरू गेलं. उंच बाईला म्हटलंही तसं. ती म्हणाली, "तू तिच्या मांगं नको लागू. तुह्यं काम कर. पाह्यते ते."

मग मी तसंच केलं. तिला बाकीच्या मुलांत बसवलं आणि माझं काम करू लागले. शेंबूड पुसले, झोळ्या हलवल्या, चड्ड्या धुतल्या. ती कोपऱ्यातून बघायची. मोठी मुलं मला दिवसभर बाई, बाई करून हाक मारायची, तीही तिच्या कानावर पडायची.

माघातली दुपार होती. दुधाची रांग बसली होती आणि मी पातेलं घेऊन एकेकाच्या वाटीत दूध ओतत येत होते. मुलगी रांगेत होती, उंच बाईच्या मुलाला टेकून, दोन्ही हातांत वाटी धरून. मी तिच्यापासून दोन मुलं अलीकडे होते. तिला धीर निघेना. तिने वाटी जमिनीवर आपटली आणि माझ्याकडे बघून, स्पष्ट, खणखणीत आवाजात ओरडली, "बाई!"

मला बोलावणारा तो तिचा पहिला शब्द. दाईला कमी ऐकू येतं, पण तिलाही तो ऐकू गेला. मला पातेलं तिथेच टाकून तिला उचलावंसं वाटलं. पण मधली दोन मुलं वाट्या वर करून बसली होती, त्यांचा नंबर आधी होता. मी त्यांना दूध दिलं. मग तिच्यापुढे बसले आणि तिची वाटी भरली. वाटीकडे न बघता तिच्याकडेच बघत होते, निम्मं तिच्या झबल्यावर सांडलं. तिने ती वाटी दोन्ही हातांनी उचलली, सगळी प्यायली, आणि आणखी पाहिजे म्हणून माझ्यापुढे धरली.